न दिसण्याची मुभा

दिल्लीच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांत दिवाळीपासून नाताळपर्यंत गावाकडची माणसं येत राहतात. त्यांना काय काय दाखवायचं याची यादी आता पाठ झाली आहे: लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट, एक दिवस आग्रा. बरोबर लहान मूल असेल तर पुराना किला आणि त्याला लागून असलेलं प्राणिसंग्रहालय. या नाताळात माझी बहीण अमरावतीहून येते आहे. तिच्या आठ वर्षांच्या मुलाने फोनवर बाकी कशाचीच चौकशी केली नाही. "मावशी, तिथे पांढरा वाघ आहे ना?" एवढंच विचारलं.

आहे. पण त्याला तिथे न्यावं की नाही, हे ठरवायला मला वेळ लागला. जिथे प्राण्यांना नीट ठेवलेलं नसतं अशा ठिकाणी जावं का, या प्रश्नावर माझ्या ओळखीतली माणसं दोन टोकांना आहेत. काहींच्या मते तिकीट काढलं की त्या पिंजऱ्याला आपला हातभार लागलाच. काहींच्या मते शहरातल्या मुलाला जिताजागता गेंडा समोर दिसतो, त्यापुढे बाकीचं गौण आहे. दोन्ही बाजूंची माणसं मनापासून बोलतात. तरी मला वाटत राहतं की तिकिटाच्याही आधी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या बघण्याच्या हट्टात आहे.

पांढऱ्या वाघाचंच घ्या. बंदिवासातल्या बहुतेक पांढऱ्या वाघांचा वंश मोहन नावाच्या एका वाघाशी जाऊन मिळतो. १९५१ मध्ये रेवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी त्याला बछडा असताना जंगलात पकडलं. पांढरा रंग सुप्त जनुकामुळे येतो, तो आई आणि बाप दोघांकडून मिळावा लागतो. मोहनची जोडी आधी नेहमीच्या रंगाच्या वाघिणीशी लावली, तेव्हा पांढरं पिल्लू झालं नाही. मग त्याच्याच मुलीशी लावली, आणि १९५८ मध्ये पांढरी पिल्लं झाली. त्यातले राजा आणि राणी दिल्लीला आले. रंग टिकवायचा तर नात्यातच संकर करत राहावं लागतं. या रंगाची आणि अशा संकराची किंमत त्या वाघांनी तिरळ्या डोळ्यांनी आणि इतर व्यंगांनी मोजली आहे. पांढरा वाघ ही वाघाची वेगळी जात नाही, आणि त्याची संख्या वाढल्याने जंगलातला एकही वाघ वाचत नाही. लोकांना तो बघायला आवडतो, म्हणून तो आहे. मेळघाट माझ्या भाच्याच्या घरापासून काही तासांवर आहे. तिथल्या रानात खरे वाघ फिरतात, पण ते सहसा कोणाला दिसत नाहीत.

दिल्लीचं प्राणिसंग्रहालय १ नोव्हेंबर १९५९ रोजी सुरू झालं. तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख यांनी त्याचं उद्घाटन केलं. विदर्भात त्यांची ओळख शिक्षणसंस्थांमुळे आहे. दिल्लीतल्या या जागेशी त्यांचं नाव जोडलेलं आहे, हे अमरावतीकरांनाही फारसं ठाऊक नसतं. १९८२ मध्ये त्याला राष्ट्रीय प्राणिउद्यानाचा दर्जा आणि नाव मिळालं. जागा १७६ एकरांची, एका बाजूला पुराण्या किल्ल्याची तटबंदी, मध्ये तळी आणि भरपूर झाडी. आराखडा दोघांनी केला: तेव्हाच्या सिलोनमधले मेजर वाइनमन आणि जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे कार्ल-हाइनरिख हागेनबेक.

हागेनबेक हे प्राणिसंग्रहालयांच्या जगातलं मोठं घराणं. याच घराण्यातल्या कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ गजांशिवायचं प्राणिसंग्रहालय उभं केलं. गजांच्या जागी खोल खंदक आले. पलीकडे कृत्रिम खडक, माती, झुडपं आणि त्यात मोकळा वाटणारा सिंह. दिल्लीतही वाघ, सिंह आणि अस्वलं अशाच खंदकांच्या पलीकडे आहेत. अंधाऱ्या कोठडीपेक्षा हे किती तरी चांगलं, यात शंका नाही. उघडं आकाश, पायाखाली माती, थोडं गवत. पण खंदकाची पहिली सोय बघणाऱ्याला झाली. वाघाच्या दृष्टीने जागा संपते ती संपतेच, ती गजाशी संपो की खड्ड्याशी. गज काढल्याने कोंडल्याची खूण तेवढी आपल्या डोळ्यांसमोरून गेली. सप्टेंबर २०१४ मध्ये एक तरुण दिल्लीच्या त्या खंदकात पडला आणि विजय नावाच्या पांढऱ्या वाघाने त्याचा जीव घेतला. वर जमलेल्या गर्दीने आरडाओरडा केला, दगड मारले. खंदकाच्या पलीकडे नेमकं काय आहे, हे इतक्या माणसांना त्या क्षणापर्यंत जाणवलंच नव्हतं.

कार्ल हागेनबेक यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १८७०च्या दशकापासून त्यांनी माणसांचीही प्रदर्शनं भरवली. उत्तर ध्रुवाकडचे सामी लोक, पुढे इतर देशांतली माणसं, त्यांच्या झोपड्या आणि जनावरांसह युरोपातल्या शहरांत दाखवली जात. तिकीट काढून सहकुटुंब लोक येत आणि काही नवं पाहिल्याच्या समाधानाने घरी जात. ती माणसं दुष्ट नव्हती. माणसं अशी दाखवावीत का, हा प्रश्न त्या काळात फारसं कोणी विचारत नव्हतं, इतकंच.

काही वर्षांपूर्वी उत्तरेतल्याच एका छोट्या शहराच्या प्राणिसंग्रहालयात मी एका तरसासमोर बराच वेळ उभी होते. त्या गावाचं नाव सांगून काही साधणार नाही, तसे पिंजरे अनेक गावांत आहेत. खाली सिमेंट, तीन बाजूंना भिंती, समोर जाळी, कोपऱ्यात पाण्याचं टाकं. तरस जाळीपासून मागच्या भिंतीपर्यंत जायचं, उजव्या कोपऱ्यात मान एका ठरावीक झोकाने वर उचलायचं, वळायचं आणि परत यायचं. दर खेपेला तोच झोक, वळताना तोच पाय पुढे. वळणाच्या जागी त्याच्या खांद्याच्या उंचीवर भिंतीचा चुना निघून गेला होता आणि आतलं सिमेंट तेलकट, गुळगुळीत झालं होतं. वाटेत हाडाचा एक तुकडा पडला होता. त्याला हुंगायलाही ते थांबत नव्हतं, दर वेळी तेवढाच वळसा घालून पुढे जात होतं. माझ्या शेजारी एक कुटुंब आलं. वडिलांनी मुलाला उचलून घेतलं, "देखो, कैसे घूम रहा है," म्हणाले, आणि ते पुढच्या पिंजऱ्याकडे गेले. त्यांना चालणारं तरस दिसलं, आणि त्यांनी जे पाहिलं ते खरंच होतं. ते चालणं म्हणजे येरझारा आहेत हे कळायला तिथे खूप वेळ थांबावं लागतं, आणि प्राणिसंग्रहालयात तसं कोणी थांबत नाही.

अशा येरझारांवर पुष्कळ अभ्यास झाला आहे. ऑक्सफर्डच्या रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या संशोधकांनी २००३ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की रानात ज्यांचा वावर मोठ्या मुलखावर असतो, त्या मांसाहारी प्राण्यांत बंदिवासातल्या येरझारा अधिक आढळतात आणि त्यांची पिल्लंही अधिक दगावतात. शिकार करायला मिळत नाही यापेक्षा हिंडायला मिळत नाही, हे त्यांना जास्त जाचतं. ध्रुवीय अस्वलाला मिळणारी जागा त्याच्या रानातल्या वावराच्या सुमारे दहा लाखाव्या भागाएवढी असते, असा त्यांचा हिशेब होता. हा आकडा वाचल्यापासून 'मोठा पिंजरा' या शब्दांवरचा माझा भरवसा कमी झाला.

पण त्या तरसाच्या पिंजऱ्यात मला जागेपेक्षाही जास्त खटकली ती एक बंद झडप. मागच्या भिंतीत रात्रीच्या कोठडीकडे जाणारी लोखंडी झडप होती आणि दिवसभर ती खाली पाडलेली असायची. दुपारी पाणी मारायला आलेल्या कीपरला मी विचारलं, तर तो म्हणाला, "खोल देंगे तो अंदर जाके सो जाएगा, पब्लिक को क्या दिखेगा?" माणूस कनवाळू होता. जाळीतून काठी घालून त्याने तरसाची पाठ खाजवली, आणि तेवढ्यापुरतं ते तरस थांबलंही. झडप त्याने स्वतःच्या मर्जीने पाडलेली नव्हती. 'कुछ दिखा नहीं' अशी तक्रार फाटकावर रोज होते, तिची ती व्यवस्था होती.

स्वित्झर्लंडचे प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी बर्न, बाझेल आणि झ्यूरिक इथली प्राणिसंग्रहालयं सांभाळली आणि १९४२ मध्येच या विषयावर एक मूलभूत पुस्तक लिहिलं. रानातला प्राणी माणसाला किती जवळ येऊ देतो आणि कुठल्या अंतरावर पळ काढतो, हे त्यांनी बारकाईने मांडलं. बंदिवासात ते अंतर राखायला जागा नसते. त्यामुळे न माणसाळलेला प्राणी सतत पळायच्या तयारीत आणि पळता येत नाही अशा कोंडीत जगतो. जागेचा आकार महत्त्वाचा आहेच, पण त्या जागेत काय आहे हे त्याहून महत्त्वाचं, असं त्यांचं म्हणणं होतं: चढायला उंचवटा, अंग घासायला झाड आणि दडायला आडोसा. दिल्लीत मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो, जानेवारीत धुक्याने हाडं गारठतात. इथे आडोसा ही चैन नाही. उन्हाळ्यात फवारे आणि कूलर, हिवाळ्यात हीटर अशी सोय प्राणिसंग्रहालय दरवर्षी करतं, पण माणसांच्या नजरेपासून सुटायला कूलर उपयोगी पडत नाही.

हे सगळं लक्षात आल्यापासून प्राणिसंग्रहालय पाहण्याची माझी रीत बदलली. पाटीवर लिहिलेला प्राणी लगेच दिसला नाही, तर मला बरं वाटतं. बिबट्याच्या आवारात झुडपं इतकी दाट असावीत की अर्धा तास उभं राहूनही तो सापडू नये, आणि सापडलाच तर तो त्याच्या मर्जीने. चांगल्या आवाराची यापेक्षा सोपी परीक्षा मला माहीत नाही. आणि या परीक्षेत प्राणिसंग्रहालय नापास होतं तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा बघायला येणाऱ्यांची घाईच असते.

शंकर नावाच्या हत्तीची हकिगत दिल्लीबाहेरही पुष्कळांना आता माहीत झाली आहे. आफ्रिकन जातीचा हा नर १९९८ मध्ये एका जोडीदारिणीसह झिम्बाब्वेहून आला, माजी राष्ट्रपती डॉ. शंकरदयाळ शर्मा यांना त्या देशाने दिलेली भेट म्हणून. २००१ मध्ये ती जोडीदारीण गेली. त्यानंतर शंकरला स्वतःच्या जातीची सोबत कधीच मिळाली नाही. २००९ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने हत्तींना प्राणिसंग्रहालयांत ठेवू नये, त्यांना वनखात्याच्या छावण्यांत हलवावं, अशी भूमिका घेतली. हत्तीला सहा महिन्यांहून अधिक काळ एकटं ठेवू नये, असंही नियम सांगतात. शंकर मात्र तिथेच राहिला. त्याच्यासाठी तरुणांच्या एका गटाने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेने दिल्लीचं सदस्यत्व निलंबित केलं, तेव्हा कुठे हालचाल झाली आणि त्याच्या पायांतले साखळदंड निघाले. १७ सप्टेंबर २०२५ रोजी तो गेला, २९ वर्षांचा होता. आफ्रिकन हत्ती रानात साठीपर्यंत जगू शकतो. त्याच्या मृत्यूचं कारण विषाणूचा संसर्ग असल्याचं तपासणीनंतर सांगण्यात आलं, म्हणजे एकटेपणाने त्याचा जीव घेतला असं म्हणता येणार नाही. पण जवळपास पाव शतक तो स्वतःच्या जातीच्या सोबतीविना जगला, हे त्या कारणाने पुसलं जात नाही. तो गेला तेव्हा बर्ड फ्लूमुळे प्राणिसंग्रहालय लोकांसाठी बंद होतं.

शंकरच्या बाबतीत मला नेहमी इस्लामाबादच्या कावनची आठवण होते. श्रीलंकेकडून भेट आलेला हा हत्ती १९८५ पासून तिथल्या मरगजार प्राणिसंग्रहालयात होता. २०१२ मध्ये त्याची जोडीदारीण सहेली गेली आणि तो एकटा पडला. तिथे गेलेल्या एका पशुवैद्य तरुणीने त्याला साखळीत पाहिलं, ते लोकांपुढे मांडलं, चळवळ उभी राहिली, प्रकरण न्यायालयात गेलं. २०२० च्या मे महिन्यात इस्लामाबाद उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि नोव्हेंबरात कावन विमानाने कंबोडियाच्या अभयारण्यात पोहोचला. ते प्राणिसंग्रहालयही बंद झालं. म्हणजे आपल्या शेजारी हे घडू शकलं. आणि त्याची सुरुवात तिकीट काढून आत गेलेल्या एका व्यक्तीच्या डोळ्यांपासून झाली.

इथेच 'जाऊच नये' म्हणणाऱ्यांशी माझं पूर्ण जुळत नाही. युरोप-अमेरिकेत अनेक प्राणिसंग्रहालयं खासगी किंवा विश्वस्त संस्थांची आहेत आणि प्रेक्षक कमी झाले की त्यांना धक्का बसतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मालक सरकार किंवा महापालिका आहे. दिल्लीचं प्राणिसंग्रहालय थेट केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या हाताखाली येतं. मी गेले नाही म्हणून तिथल्या एखाद्या अस्वलाची फरशी फोडून माती टाकली जाणार नाही. पण प्राण्यांविषयी आस्था असलेली माणसंच जायची बंद झाली, तर त्या पिंजऱ्यांसमोर काचेवर थापट्या मारणारे आणि वेफर्स फेकणारे तेवढे उरतील. डिवचणं, खायला टाकणं, आवाज करून त्रास देणं हा वन्यजीव कायद्याच्या ३८-जे कलमाखाली गुन्हा आहे. १९९१ च्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालयांविषयीचं प्रकरण या कायद्यात आलं आणि पुढच्याच वर्षी केंद्रीय प्राधिकरण स्थापन झालं. या प्राधिकरणाला मान्यता काढून घेण्याचा अधिकार आहे आणि ते तो वापरतंही. नियमांची पूर्तता झाली नाही म्हणून २०१८ मध्ये नागपूरच्या महाराजबागेवर ती वेळ आली होती. दिल्लीत हौजखासच्या डिअर पार्कची मान्यता २०२३ मध्ये रद्द झाली, कारण त्या कुंपणात सुमारे सहाशे हरणं झाली होती. लहान मुलांना फिरवायला नेतात ती जागा. दिसायला छान, मोफत, आणि मूठभर चारा जाळीतून द्यायला मिळतो म्हणून पोरं खूश. तिथे जाऊन आलेल्यांपैकी फार थोड्यांना हरणांची गर्दी ही तक्रारीची गोष्ट वाटली असेल. जितकी जास्त हरणं दिसतील तितकी सहल चांगली झाली, असाच आपला हिशेब असतो.

बघण्याच्या या हट्टात प्रेमही मिसळलेलं असतं, आणि त्यामुळे त्याविषयी बोलणं अवघड जातं. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने नांदणी मठातली महादेवी हत्तीण गुजरातला हलवली गेली, तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडचे हजारो लोक रस्त्यावर आले. ते अश्रू खरे होते. तीन दशकांहून अधिक काळ ती त्यांच्या मिरवणुकांत, सणांत, रोजच्या येण्याजाण्यात होती. तिला नेलं ते योग्य झालं की नाही यावर माणसं अजून वाद घालतात, आणि ज्या गावाचा जीव तिच्यात गुंतला होता त्याला मी दिल्लीत बसून धडा शिकवू नये. मात्र सगळ्या वादात एक गोष्ट फार थोडे बोलले: इतकी वर्षं तिला दुसरी हत्तीण दिसली होती का? ती आम्हाला दिसावी हे प्रत्येकाच्या बोलण्यात होतं.

प्राणिसंग्रहालयांचं समर्थन करताना नेहमी संवर्धनाचा दाखला दिला जातो, आणि तो पोकळ नाही. मणिपूरच्या संगाई हरणांची पैदास दिल्लीतही झाली आहे. पण या कामाचं मला माहीत असलेलं सर्वांत भक्कम उदाहरण जवळच्या हरियाणात पिंजोरला आहे. डायक्लोफिनॅक हे औषध दिलेली गुरं मेल्यावर ती खाऊन गिधाडं लाखोंनी मेली. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. त्याआधीपासून पिंजोरच्या केंद्रात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आणि हरियाणा वनखातं गिधाडांची पैदास करत होते. २०२४ च्या जानेवारीत तिथून वीस गिधाडं महाराष्ट्रात आली, दहा ताडोब्याला, दहा पेंचला. पिंजोरच्या त्या पक्षिगृहांसमोर सहली जात नाहीत. पक्ष्यांच्या हालचाली कॅमेऱ्यातून पाहिल्या जातात, माणसांचा वावर मुद्दाम कमीत कमी ठेवला जातो, कारण पुढे त्यांना रानात जगायचं आहे. आपल्याला न दिसणाऱ्या त्या गिधाडांनी ताडोब्याच्या आकाशात परत जागा घेतली, तर ते या पिढीतलं फार मोठं काम ठरेल.

आणि दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातच एक नवल आहे, ज्याच्यासाठी मी अजूनही तिथे जाते. तिथल्या तळ्यांतल्या झाडांवर १९६० पासून चित्रबलाक दरवर्षी घरटी करतात. ते प्राणिसंग्रहालयाचे नाहीत, रानातले आहेत. पाऊस सरताना शेकड्यांनी येतात, थंडी संपता संपता निघून जातात. पिवळी लांब चोच, शेपटीकडे गुलाबी झाक, पंखांवर काळ्या-पांढऱ्या जाळीची नक्षी. एक पक्षी यमुनेच्या बाजूने येतो, पाय खाली सोडून डुलत फांदीवर उतरतो, घरट्यातली राखी-पांढरी पिल्लं चोची वर करून कल्लोळ करतात आणि तो अर्धवट पचलेले मासे घरट्यात ओकतो. वास येतो, आवाज येतो, झाडं विष्ठेने पांढरी झालेली असतात. खंदकापलीकडच्या कुठल्याही प्राण्यासमोर नसेल इतका जिवंत व्यवहार त्या झाडांवर चाललेला असतो. पण बहुतेक लोक तिथे न थांबता वाघाकडे जातात, कारण पक्ष्यांना तिथे पाटी नाही. २०२५ च्या ऑगस्टअखेर याच चित्रबलाकांत बर्ड फ्लू आढळला, काही पक्षी दगावले, आणि दोन महिन्यांहून अधिक काळ फाटक बंद राहिलं. नोव्हेंबरात ते उघडलं.

तर भाच्याचं मी काय ठरवलं?

मॉलमध्ये किंवा फार्महाउसवर हातात ससे, पोपट, इग्वाना देऊन फोटो काढू देणाऱ्या खासगी जागा दिल्ली आणि गुडगावात निघाल्या आहेत. तिथे नेणार नाही, यावर माझी चर्चा करायचीही तयारी नाही. तिथे तिकीट हाच जगण्याचा आधार आहे आणि प्राण्याला दिवसभर हाताळलं जाणं हाच धंदा आहे. सिमेंटच्या फरशीचं, येरझारांचं, बंद झडपांचं प्राणिसंग्रहालय असेल तर लहान मुलाला नेणार नाही, पण मी स्वतः जाईन, थांबेन आणि जे दिसलं ते लिहून अधीक्षकांना आणि केंद्रीय प्राधिकरणाला पाठवीन. तारीख, पिंजऱ्याची जागा, किती वेळ पाहिलं, प्राणी काय करत होता, आडोसा होता की नव्हता. 'फार वाईट अवस्था आहे' अशा पत्राला उत्तर येत नाही. 'मागची झडप दिवसभर बंद होती' असं लिहिलं तर कधी तरी येतं. मूल दहा-बारा वर्षांचं झालं की त्यालाही बरोबर घ्यावं असं मला वाटतं. प्राणी दुःखी दिसला तर मुलाचं मन दुखेल, म्हणून त्याला दूर ठेवणाऱ्या आईबापांची काळजी मी समजू शकते. पण अकराव्या वर्षी ज्याने येरझारा ओळखल्या, तो मोठेपणी महापालिकेत बसून पिंजऱ्याचा नकाशा मंजूर करताना काही वेगळं विचारेल, अशी माझी आशा आहे.

दिल्लीचं प्राणिसंग्रहालय या दोन्हींच्या मध्ये आहे. झाडी आहे, माती आहे, जागा इतर शहरांच्या मानाने बरीच आहे. आणि ज्या आवारात शंकर होता ते आवारही तिथेच आहे. आठ वर्षांच्या मुलाला तिथे नेण्यात गैर नाही, असं मी शेवटी ठरवलं, पण संबंध दिवसाची सहल म्हणून नाही. शुक्रवारी ते बंद असतं. बुधवारी सकाळी फाटक उघडताच जायचं, आधी तळ्यावर चित्रबलाकांसमोर बसायचं, मग एकच प्राणी निवडायचा आणि त्याच्यासमोर निदान अर्धा तास थांबायचं. तो प्राणी भाच्याने निवडावा. पांढरा वाघ निवडला तरी चालेल. मोहनची गोष्ट मी त्याला त्या खंदकाच्या कठड्याशीच सांगीन, बापलेकीच्या संकराचा भाग त्याच्या वयाला झेपेल तसा. दुसऱ्या दिवशी पहाटे धनौरीच्या पाणथळीवर जायचं. नोएडाहून गाडीने तासाभराच्या आत. तिथे शेतांमध्ये सारसांच्या जोड्या असतात. माणसाएवढे उंच, डोक्यावर लाल रंग. जवळ गेलं तर ते उडून जातात.

बहिणीला हा बेत फोनवर सांगितला तेव्हा ती म्हणाली, "अगं, अर्धा तास तो एका जागी उभा राहील असं वाटतंय का तुला? आणि एवढं थांबून वाघ झुडपातच बसून राहिला तर रडेल तो." रडू शकतो. मी तिला म्हटलं, रडू दे, मी असेन बरोबर. तिने विचारलं, मग त्याला तू काय सांगणार? मी म्हटलं, वाघाला आज बाहेर यायचं नाही, हे सांगीन. ती हसली नाही. "बरं," म्हणाली, आणि मग दुर्बीण अमरावतीहून आणायची की इथे मिळेल, ते विचारायला लागली.